पंच्याऐंशीच्या खाली उतरायचं नाही

डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत प्रेशर मोजायचं असलं की लोक माझी बेल वाजवतात. वरच्या मजल्यावरचे काका तर दूध यायच्या आधी बाही गुंडाळून दारात उभे असतात. सगळ्यांची मागणी एकच: ताई, कमी झालंय ना? कमी झालं असलं तर ते खूश, नसलं तर दोष माझ्या मशीनचा. या मंडळींना मी कधी सांगितलेलं नाही की माझी निम्मी नोकरी लोकांचं प्रेशर वाढवण्यात गेली आणि त्याबद्दल मला पगार मिळाला. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, हे काम मी घरी फुकट करते.

ठाण्यातल्या एका हॉस्पिटलच्या आयसीयूत मी सिस्टर-इन्चार्ज होते. आमच्याकडे मानेचे आणि पाठीचे रुग्ण बरेच यायचे. मान मोडली की हातपाय जातात, हे सगळ्यांना माहीत असतं. प्रेशरही जातं, हे कोणाला माहीत नसतं. मेंदूकडून रक्तवाहिन्यांना सतत निरोप जात असतो: आवळून राहा, ढिल्या पडू नका. तो निरोप मानेतल्या मज्जारज्जूतून खाली जातो. तिथे मार बसला की निरोप बंद, वाहिन्या सैल, आणि रक्त पायात नि पोटात सुस्तावून बसतं. अशा वेळी हृदयाने धावपळ करायला हवी, पण त्याला धाव म्हणणारी तारही तिथूनच जाते. मग तेही निवांत चालतं. एरवी शॉकमधला माणूस पांढराफटक आणि थंडगार असतो. हा आमचा रुग्ण गुलाबी, कोमट, एखाद्या सुखवस्तू माणसासारखा पडलेला असतो. नातेवाईक हात लावून म्हणतात, अंग तर छान गरम आहे. आणि आम्ही तेव्हा पळत असतो.

का पळतो, तेही सांगते. पडताना जो मार बसला तो बसला, त्यावर कोणाचा इलाज नाही. पण त्यानंतरचे काही दिवस मज्जारज्जू सुजलेला असतो, आणि त्या सुजेतून रक्त आत ढकलायला जोर लागतो. जोर नसेल तर मारातून वाचलेला भागही उपाशी राहून मरतो. हे दुसरं मरण टाळणं आमच्या हातात असतं. तुम्हाला प्रेशरचे दोन आकडे माहीत आहेत, वरचा आणि खालचा. आम्ही तिसराच बघतो, सरासरीचा. तो आमच्याकडे आठवडाभर पंच्याऐंशीच्या खाली उतरू द्यायचा नसे. हल्ली डॉक्टर मंडळी या आकड्यावर वाद घालतात. घालू देत बापडे. मी त्या आकड्याशी संसार केलाय.

त्या संसारातला माझा सगळ्यात लाडका पाहुणा म्हणजे ठाण्याच्या खाडीकाठच्या बाळकुमचा हरेश.

हरेश कोळी घरातला, पस्तिशीचा, आवाजाने आणि खांद्याने भक्कम. होडी किनाऱ्यावर ओढून तिला रंग देत होता. फळीवरून पाय सटकला आणि धक्क्याच्या दगडावर मानेवर आदळला. आमच्याकडे आला तेव्हा खांदे हलत होते, कोपर वाकत होतं, बोटं नाहीत. पायांना स्पर्श पुसटसा कळत होता, पण हालचाल नव्हती. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी ऑपरेशन करून मणका पट्टी नि स्क्रूने पक्का केला आणि मला सांगितलं, "सिस्टर, माझं काम झालं. आता तुमचा आठवडा."

आठवडा म्हणजे काय ते ऐका. मनगटाच्या नाडीत एक बारीक सुई, तिच्यातून प्रेशर क्षणाक्षणाला पडद्यावर. गळ्याशेजारच्या शिरेतून नॉरॲड नावाचं, वाहिन्या आवळणारं औषध, पंपातून अगदी थेंबाथेंबाने. हे औषध असं मानी आहे की सिरिंज बदलताना पळभर खंड पडला तरी आकडा जिना उतरल्यासारखा खाली येतो. म्हणून एक सिरिंज संपत आली की शेजारच्या पंपावर दुसरी आधीच सुरू करायची आणि मग पहिलीला निरोप द्यायचा. कुशीवर वळवायचं तर चौघांनी, मान आणि धड एका रेषेत ठेवून. घशातला कफ ओढायला नळी घातली की हृदय आणखी मंदावतं, म्हणून त्याला चालना देणारं इंजेक्शन हाताशी भरून ठेवायचं. मी त्या पंपांशी बोलत असे. लाडाने, दटावून, कधी सासूच्या सुरात. माझ्या हाताखालच्या मुली हसायच्या. पण पंप ऐकायचे.

हरेश मात्र शुद्धीत होता आणि त्याला हे सगळं मजेशीर वाटत होतं.

"सिस्टर, तुमी मशीनला शिव्या देता, मला कधी देणार?"

"तुझा आकडा पडला की देईन."

"नाय पडनार. तुमच्या भीतीनं वर राहील तो."

तिसऱ्या रात्री मी त्याच्या उशाशी गेले तेव्हा तो थट्टा सोडून हळूच म्हणाला, "पायाचं नंतर बघू. मी बसेन ना? झोपून मानसाचा चेहरा दिसत नाय, सिस्टर. नाकपुड्या दिसतात. सगल्या ठाण्याच्या नाकपुड्या बघून झाल्या माझ्या."

मी हसले, आणि पडद्याकडे बघितलं, कारण त्याच्याकडे बघवेना. बसणं ही सोपी मागणी वाटते. पण बसायला आधी प्रेशर लागतं.

आता त्याच्या आईला आणते. जाईबाई. ठाण्याच्या मार्केटात बसून मासळी विकण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं, त्यामुळे कुजबुजणं हा प्रकार त्यांना माहीत नव्हता. शरीर ऐसपैस, कपाळ मोठं, आणि स्वतःला प्रेशरचा जुना त्रास. वर्षानुवर्षं डॉक्टर त्यांना मीठ कमी करा, सुकं बोंबील सोडा असं सांगत आलेले. कोळणीला सुकं बोंबील सोडा म्हणणं म्हणजे काय, याची त्या डॉक्टरांना कल्पना नसावी. त्यामुळे प्रेशर वाढतं म्हणजे वाईट होतं, हे त्या उपास सोसून शिकल्या होत्या. अशा बाईला भेटीच्या वेळेत कळलं की आम्ही त्यांच्या मुलाचं प्रेशर औषध देऊन मुद्दाम चढवतोय.

"मना सांगतान कमी कर, आनि माज्या पोराचा तुमी वारवता?" आवाज आयसीयूच्या काचेपलीकडे गेला. "बाय, तुमी त्याला मारता का वाचवता?"

डॉक्टरांनी नीट समजावलं, चित्र काढून समजावलं. जाईबाईंनी चित्र घेतलं, घडी केली, कमरेच्या पिशवीत ठेवली आणि सांगितलं की गावची माणसं खाली गाडी घेऊन आलेली आहेत. शीळफाट्याच्या पुढे कोणी एक बाबा मणके बसवतो. त्यांच्या दिराची कंबर त्याने बसवली होती. हरेशला आता तिकडे न्यायचं.

तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. पंप काढून, सुई काढून, टेम्पोत आडवा घालून शीळफाट्याच्या त्या खड्ड्यांतून. आकडा हॉस्पिटलच्या गेटपर्यंतही टिकला नसता. दारात हरेशची बायको दर्शना उभी होती. बारीक चणीची, कमी बोलणारी. ती सासूकडे न बघता माझ्याकडे बघत होती.

मी जाईबाईंना बाकावर बसवलं आणि माझं ठेवणीतलं उदाहरण काढलं. "मावशी, आमच्या डोंबिवलीत पाण्याचा जोर कमी असला की चौथ्या मजल्यावर नळाला पाणी येत नाही. खालच्यांना मिळतं, वरचे बादल्या घेऊन बसतात. तुमच्या हरेशची मान आता चौथा मजला झालीय."

"आमच्याकरं मजले नाय. बैठं घर हाय."

मी मग शेतातल्या पाटाचं सांगितलं. त्यावर त्यांनी, आमी काय कुणबी हाव का, असं विचारलं. माझी उदाहरणं संपली. मी म्हटलं, "मावशी, जागा सुजून अरुंद झालीय. साध्या जोराने रक्त आत शिरत नाही. बाहेरून रेटा वाढवला तर कुठे टोकापर्यंत पोचतं. आठवडाभरच वाढवायचं. मग सूज उतरते."

जाईबाईंनी मान डोलावली. ही एक दुर्मीळ गोष्ट होती. मग म्हणाल्या, "म्हंजे भांगाचा पानी."

मला कळलं नाही. त्यांनी हातवारे करून मला खाडी शिकवली. अष्टमीच्या सुमाराला भरती येते पण भरत नाही, तो भांग. तेव्हा मोठ्या खाडीत पाणी दिसतं, पण आतल्या गाळ भरलेल्या फाट्यात ते चढतच नाही. तिथली होडी चिखलात बसून राहते. पुनवेला, अमावसेला उधाण आलं की पाणी आत घुसतं आणि होडी उचलली जाते.

"त्याची होरी आत अरकली हाय. उधान पायजे. असाच ना?"

"असंच," मी म्हटलं. इतकं चांगलं उत्तर माझ्या परीक्षेच्या पेपरातही मी लिहिलेलं नव्हतं.

"आनि माजा?"

"तुमच्याकडे रोजच उधाण असतं, मावशी. तुम्हाला कमीच करायचं."

त्या खाली गेल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या आम्हाला गेटपाशी काय बोलणं झालं ते खिडकी न उघडता ऐकू आलं. गाडी परत गेली. त्यातला एकजण म्हणे अजून त्यांच्याशी बोलत नाही.

आठवडा निभावला. मग पंप हळूहळू कमी, त्याऐवजी पोटातून गोळ्या, आणि मग फिजिओथेरपीच्या पूर्वा मॅडम आल्या. पायांना घट्ट मोजे, पोटाला रुंद पट्टा. हे का, तर रक्त खाली साचू नये, बाहेरून आवळलेलं राहावं. पलंगाचं डोकं जरा वर, थांबा, आणखी जरा वर. हरेश भिंतीकडे बघत होता. समोर उभ्या आम्हा माणसांचे चेहरे दिसायला लागले तसा हसला. आणि म्हणाला, "सिस्टर, लाईट गेली का?"

लाईट गेलेली नव्हती. त्याचं प्रेशर गेलं होतं. ओठ पांढरे पडले. जाईबाई पुढे झाल्या आणि त्याची हनुवटी धरून वर करायला लागल्या: बस, माझ्या राजा, बस. मी त्यांचे हात सोडवले आणि पलंग आडवा केला, पाय वर. थोड्या वेळाने हरेश परत आला.

"जिंकलो का?" त्याने विचारलं.

"हरलास. दुपारी परत."

असं ते बसणं हरत हरत वर चढलं. हरेश कधी पुरणपोळी खाऊन सुस्तावलेल्या जावयासारखा कलंडायचा, कधी एका वाक्याच्या मध्येच विझायचा आणि आडवा केल्यावर तेच वाक्य पुरं करायचा. जाईबाईंच्या डोक्यात एक नियम पक्का बसला: चक्कर आली, आडवा कर. बसला म्हणजे असा की त्या वॉर्डातल्या इतर रुग्णांच्या नातेवाइकांनाही शिकवायला लागल्या.

घरी सोडताना मी सासूसुनेला समोर बसवून दुसरा नियम सांगितला. मानेच्या रुग्णांचं प्रेशर नेहमी कमी असतं. पण पुढेमागे उलटंही होतं. कमरेखाली कुठे काही बिघडलं, लघवी तुंबली, पोट साफ नाही झालं, तर शरीर खालून बोंब मारतं. वर मेंदूला ती नीट कळत नाही, त्याचा आवर घालणारा निरोप खाली पोचत नाही, आणि खालच्या वाहिन्या वेड्यासारख्या आवळतात. प्रेशर भडकतं. डोकं ठणकतं, चेहरा लाल, कपाळाला घाम. तेव्हा आडवं अजिबात करायचं नाही. बसवायचं, पाय खाली सोडायचे, पट्टा सैल करायचा, लघवीची नळी बघायची, आणि लगेच उतरलं नाही तर हॉस्पिटल गाठायचं. नाहीतर मेंदूतली नस फुटू शकते. दर्शनाने मान डोलावली. जाईबाईंनीही डोलावली, पण त्या खिडकीबाहेर रिक्षा बघत होत्या.

काही महिने गेले. एका रविवारी दुपारी मी भजी तळत होते आणि फोनवर दर्शनाचा व्हिडिओ कॉल आला. आधी मला छप्पर दिसलं, मग जाईबाईंचा कान, मग हरेश. चेहरा रंगवल्यासारखा लाल, केस घामाने चिकटलेले, आणि उशीशिवाय सपाट आडवा.

"सिस्टर, डोकं फुटतंय," तो म्हणाला. तो कधी तक्रार करत नसे. मी गॅस बंद केला.

"आरवा केला हाय," जाईबाईंनी अभिमानाने सांगितलं. "तुमी सांगलेलं तसा. पाय पन वर करते आता."

"आई, सिस्टरनी दोन सांगितलेली," दर्शनाचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. "चक्कर वेगळी, डोकं वेगळं. मी केव्हाची बोलतेय बसवा त्याला."

"बसवला तर परंल. मी तेवरं दिवस काय बघलं मग?"

"आई, सोडा त्याला."

"तू माज्या पोराला मारशील."

त्यांच्या घरातल्या मशीनवर वरचा आकडा दोनशेच्या जवळ होता. हरेशचा नेहमीचा शंभरच्या आसपास. दोघींच्या मध्ये तो लाल होत चाललेला. मी माझा आयसीयूतला, पंपांसाठी राखून ठेवलेला आवाज काढला. "दर्शना बरोबर आहे. मावशी, हात काढा. दर्शना, बसव त्याला, भिंतीला टेकव, पाय खाटेवरून खाली सोड. पोटाचा पट्टा काढ."

जाईबाईंनी हात काढले. चेहरा असा झाला की कोणी भर बाजारात त्यांचा कोयता काढून घेतलाय. खाटेच्या कडेवर त्या तशाच बसून राहिल्या. दर्शनाने एकटीने नवऱ्याला काखेत धरून उठवला, पाय सोडले, पट्टा सोडला.

"आता नळी दाखव. पिशवीपासून सुरू कर."

फोन खाली गेला. खाटेला टांगलेली लघवीची पिशवी, रिकामी. नळी, कोरडी. फोन नळीच्या मागोमाग वर चढला, चादरीवरून गेला, कोलीम, म्हणजे बारीक जवळा, निवडायची परात लागली, परातीला वळसा घातला, आणि एका हिरव्या लुगड्याखाली नळी नाहीशी झाली.

"मावशी, उठा."

"कला?" म्हणजे कशाला.

"आधी उठा."

त्या उठल्या. जेवण झाल्यापासून त्या लेकाशेजारी बैठक मारून, त्याच्याशी गप्पा मारत कोलीम निवडत होत्या, आणि बैठक नेमकी नळीवर होती. आता पिशवीत धार लागली. मी लांबून डोंबिवलीत ती धार ऐकली आणि सांगते, भीमसेनी तान त्यापुढे काहीच नाही. जरा वेळाने हरेशने डोळे मिटून श्वास सोडला. मशीनवरचा आकडा उतरायला लागला, मग आणखी उतरला.

जाईबाई अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "मी बसलू व्हते."

"आये, तू बसलीस तर माणूस मरंल नाहीतर काय होईल," हरेश म्हणाला, आणि दर्शनाला हसू फुटलं. मग ती रडली. जाईबाईंनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला विचारलं, "दुसरा नियम परत सांग. सगला."

पुढच्या तपासणीला ते आले तेव्हा लघवीच्या नळीला जाळ्याचे बोये, पाण्यावर तरंगतात ते गोळे, बांधलेले होते. लाल, पिवळे, मुठीएवढे. त्यावर बसणाऱ्याला बसल्याबसल्या कळावं म्हणून. मी फक्त अंगाला लागतील तिथले काढायला लावले. डॉक्टर ते बोये बराच वेळ बघत होते आणि मग त्यांनी फोटो काढायची परवानगी मागितली.

हरेशचे पाय आले नाहीत. हे मी लपवत नाही, कारण असे लेख वाचून लोकांना वाटतं की शेवटी सगळे धावतात. उजव्या हाताची बोटं आली, पिशवीचा बंद धरण्याइतकी. ती त्या आठवड्याने दिली की मुळातच येणार होती, हे मला कोणी सांगू शकलेलं नाही. मी विचारणंही सोडलंय. ज्यांची आली नाहीत त्यांच्यासाठीही आम्ही तो आठवडा तसाच घातला होता.

गेल्या हिवाळ्यात निवृत्त झाल्यावर ठाण्याच्या मार्केटात गेले. जाईबाईंच्या पाटीशेजारी चाकाच्या खुर्चीत हरेश बसलेला. दर्शना कोळंबी सोलत होती. हरेश गिऱ्हाइकांशी भाव करत होता, आवाज आईचा, लाघव स्वतःचं. एका बाईला पापलेट ताजं असल्याचं पटवत असताना त्याचे ओठ पांढरे झाले. मी ते लांबून ओळखलं. माझी पर्स खांद्यावरून घसरली, पाय पुढे पडला.

जाईबाई सुरमई कापत होत्या. त्यांनी वर बघितलंही नाही. एक पाय मागे टाकला, खुर्चीची मागची दांडी तळव्याने दाबली, आणि हरेश खुर्चीसकट मागे कलंडून त्यांच्या गुडघ्यावर टेकला, पाय आभाळाकडे. कोयता चालूच. दर्शनाने कोळंबी न सोडता कोपराने त्याच्या पोटावरचा पट्टा खाली सारून बसवला. समोरची बाई घाबरून मागे सरकली.

"काय नाय, ताई," हरेश आडव्यानेच म्हणाला. "प्रेशर गेलंय, येतंय. तवर तुमी पापलेटाचे डोले बघा. लाल हायेत का?"

थोड्या वेळाने जाईबाईंनी गुडघा काढून घेतला. खुर्ची सरळ झाली, आणि त्या बाईने पापलेट घेतलं.

मी अजून तशीच पाऊल पुढे टाकून उभी होते, हातात काही नसताना हात पुढे. जाईबाईंनी मला तेव्हा ओळखलं. चेहरा फुलला. मग त्यांनी माझ्या मागे बघितलं.

"सिस्टर, जरा बाजूला ऱ्हावा," त्या म्हणाल्या. "मागं गिराईक खोलंबलंय."